डोळा, देवी आणि लस

नर्मदेच्या उत्तर तीरावरील नेमावरच्या सिद्धनाथाच्या देवळापासून थोड्याच अंतरावर वसलेले खातेगाव आज देवास जिल्ह्यातील एका तहसिलीचे ठाणे असले, तरी होळकरशाहीच्या अखेरीपर्यंत हा मुलूख इंदूर संस्थानाच्या नेमावर जिल्ह्यात मोडत असे. आणि होळकर, शिंदे व धार-देवासचे पवार यांच्या अंमलात दफ्तराच्या, फौजेच्या किंवा भिक्षुकीच्या निमित्ताने जी मराठी कुटुंबे माळव्यात येऊन कायमची राहिली, त्यांच्या घरातील मराठी अनेक पिढ्या माळवी व हिंदी यांच्या शेजाराने नांदत आली आहे. अशा शेजारात एकच शब्द दोन अर्थांनी कानी पडणे नित्याचेच. ‘बच्चे को टीका लगवा लो’ असे आरोग्यसेविका दारात येऊन सांगते तेव्हा तिच्या मनात लस असते आणि त्या शब्दामागे कपाळावरच्या टिळ्याचे, म्हणजे शुभचिन्हाचे, स्मरण असते. उलट मराठी माणसाच्या ‘टीके’त एक तर दोषदर्शन असते, नाही तर ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथाला आपण ज्या अर्थाने गीतेवरील टीका म्हणतो ते विवरण असते. शरीरात रोगाचे बीज अल्प प्रमाणात घालून त्याच रोगापासून शरीराचे रक्षण करावे ही कल्पना मानवजातीच्या थोर कल्पनांपैकी एक आहे, आणि तिला निरनिराळ्या भाषांनी कोणत्या प्रतिमेच्या आधारे आपलेसे केले, पुढे ती प्रतिमा शरीराकडून मनाकडे कशी वळली, याचा विचार इंग्रजी, स्पॅनिश व मराठी या तीन भाषा समोर ठेवून करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

इंग्रजीतील ‘इनॉक्युलेशन’ आणि स्पॅनिशमधील ‘इनोकुलासिओन’ या दोन्ही शब्दांचा उगम लॅटिनमध्ये आहे, आणि तो उगम वैद्याच्या घरी नसून माळ्याच्या बागेत आहे. ‘ओकुलुस’ म्हणजे डोळा, आणि रोमन माळी फांदीवरच्या कळीलाही डोळाच म्हणत; एका झाडाचा डोळा काढून दुसऱ्याच्या सालीत बसवणे हा त्या क्रियापदाचा मूळ अर्थ. मराठी वाचकाला हे निराळे समजावून देण्याचे कारण नाही, कारण उसाच्या कांडीला डोळा असतो, बटाट्याला डोळे फुटतात, आणि विदर्भातला संत्र्याचा बागाइतदार जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतो. खुंटाच्या सालीला चीर देऊन त्यात तो डोळा सरकवावा, वरून पट्टी घट्ट बांधावी, आणि डोळा जगला की खुंटाचा वरचा भाग छाटून टाकावा, ही सारी क्रिया आपल्याकडे ‘डोळा भरणे’ याच नावाने ओळखली जाते. रोम आणि नागपूर यांच्यात या बाबतीत कोणी कोणाचे अनुकरण केले असेल असे मला वाटत नाही. कळी आणि डोळा यांचे रूपसाम्य दोन्हीकडच्या माळ्यांनी आपापल्या नजरेने टिपले असावे. ‘कलम’ हा शब्द मात्र आपण फारसीकडून घेतला, आणि लेखणी, कायद्याचे पोटकलम व आंब्याचे रोप असे तिन्ही अर्थ त्याच्यावर लादून तो पुरता घरचा करून टाकला.

सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत इंग्रजीत या शब्दाचा बागेशी असलेला संबंध जिवंत होता. शेक्सपिअरच्या हॅम्लेटने ओफेलियाशी बोलताना सद्गुण आणि मूळ मानवी स्वभाव यांविषयी तो शब्द योजला आहे, तोही कलमाच्याच अर्थाने. वैद्यकात तो शिरला तो अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. देवीच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या त्वचेत घालून सौम्य देवी आणण्याची कॉन्स्टँटिनोपलमधील चाल इमॅन्युएल टिमोनी या वैद्याने १७१४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकातून विद्वानांसमोर मांडली. तेथील इंग्रज वकिलाची पत्नी लेडी मेरी वोर्टली माँटेग्यू हिने १७१७ मध्ये एड्रियानोपलहून लिहिलेल्या पत्रात त्याच चालीला कलम करण्याचेच नाव दिले. पुढच्याच वर्षी तिने आपल्या मुलाला देवी टोचवून घेतली आणि १७२१ मध्ये लंडनमध्ये मुलीलाही. परक्या झाडाचा डोळा आपल्या सालीत रुजावा, त्याला आपलाच रस मिळावा, आणि तरीही त्याचे फळ त्याच्याच जातीचे यावे, ही बागेतील वस्तुस्थिती त्या काळच्या लोकांना रोगाच्या बीजालाही लागू पडते असे वाटले, आणि येथून पुढे त्या शब्दाचा प्रवास दुहेरी झाला: आत घातलेली वस्तू चांगली की वाईट, हा प्रश्न त्याला कायमचा चिकटला.

हिंदुस्थानात ही चाल त्यापूर्वीपासून होती, याविषयी शंका घेण्यास जागा नाही. जे. झेड. हॉलवेल या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने १७६७ मध्ये बंगालमधील पद्धतीचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात देवीचा हंगाम येण्याच्या आधी गावोगाव फिरणारे ब्राह्मण टीकादार, आदल्या वर्षी टोचलेल्यांच्या फोडांतून जपून ठेवलेला द्रव, थंड पाण्याचे स्नान, थंड आहार आणि देवीची प्रार्थना हे सारे आले आहे. त्यातील जो भाग हॉलवेलला विधी वाटला असेल तो टीकादाराच्या दृष्टीने उपचारच होता. शीतला ही देवता थंडाव्याची, तिच्या सप्तमीला माळव्यात आजही चूल न पेटवता आदल्या दिवशीचे शिळे अन्न खातात, आणि जिच्या अंगी येण्यामुळे शरीर तापते तिला थंडावा द्यावा हा त्यामागचा विचार आतून सुसंगत आहे. या जुन्या पद्धतीत टोचलेल्यांपैकी शेकडा एक-दोन माणसे दगावत, पण स्वाभाविक देवी आली तर शेकडा वीस-तीस जात. या हिशेबात तिचे समर्थनही आहे आणि तिच्यातील धोकाही.

एडवर्ड जेनरने १७९६ मध्ये गवळणीच्या हातावर उठलेल्या गोदेवीच्या फोडाचा द्रव टोचून पाहिला, १७९८ मध्ये ग्रंथ लिहिला, आणि गाय या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘व्हॅक्सीन’ हे नाव रूढ झाले. चारच वर्षांनी, १४ जून १८०२ रोजी, बगदाद व बसरा यांच्या मार्गाने आलेल्या त्या लसीने मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर फोड उठवला, आणि तिच्या दंडातून पुढे हिंदुस्थानभर लस गेली. त्या काळी लस टिकवायची तर ती माणसाच्या शरीरातच टिकवावी लागे. एका मुलाचा फोड पिकला की त्यातून दुसऱ्याला टोचायचे, आठवड्यामागून आठवडा. स्पेनच्या राजाने १८०३ च्या नोव्हेंबरअखेर ला कोरून्या बंदरातून फ्रान्सिस्को बाल्मिस याच्या नेतृत्वाखाली अमेरिकेच्या वसाहतींकडे जे जहाज धाडले, त्यावर याच कारणासाठी बावीस अनाथ बालके होती आणि त्यांच्या देखभालीस इसाबेल सेंदाल ही बाई होती. हे कार्य मानवजातीच्या इतिहासात उज्ज्वल आहे, यात संशय नाही. पण ज्यांच्या दंडावरून लस महासागर ओलांडून गेली ती मुले आपली संमती देण्याच्या वयाची नव्हती, ही गोष्ट त्या गौरवाच्या कथनात सहसा मागे पडते, आणि ती पडू नये असे मला मनापासून वाटते. पुढे १८८१ मध्ये लुई पाश्चरने जेनरच्या सन्मानार्थ ‘व्हॅक्सीन’ हा शब्द सर्वच प्रतिबंधक लसींना लावण्याची सूचना केली, आणि गायीचा संबंध नावापुरता उरला.

मराठीने ही सारी घडामोड एका निराळ्याच दृष्टीने पाहिली. आपल्याकडे रोगाचे नाव आणि देवतेचे नाव एकच. मुलाला ‘देवी आल्या’ म्हणायचे, तोंडावर ‘देवीचे वण’ राहायचे, आणि लस टोचण्याला ‘देवी काढणे’ म्हणायचे. माळव्यात हिंदी बोलणारे ‘माता निकली’ म्हणत, त्यातही भाव तोच. जिला घरात आलेली मानायची, जिच्यासमोर लवायचे, तिला सरकारी माणसाने सुईच्या टोकाने आणावे किंवा काढावे, ही कल्पना प्रथम लोकांना रुचली नाही; म्हणून मद्रासकडील एफ. डब्ल्यू. एलिस या कंपनीच्या विद्वान अधिकाऱ्याने गाईची लस ही देवीचीच कृपा आहे असे पटवणारा धन्वंतरी व शक्ती यांचा संवाद तमिळमध्ये रचला. सदुद्देशाने रचलेल्या अशा ग्रंथांमधूनच पुढे गाईच्या लसीचे ज्ञान प्राचीन संस्कृत वैद्यकात होते अशी समजूत पसरली, जी ग्रंथसंशोधकांनी तपासून बाजूला सारली आहे. आपल्या पूर्वजांचा अभिमान बाळगण्यास टीकादारांची परंपरा पुरेशी आहे. त्यासाठी बनावट पोथीची गरज नाही.

रोग आणि देवता यांच्या या एकरूपतेचा भाषेवर एक परिणाम झाला, जो या आढाव्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इंग्रजी किंवा स्पॅनिश माणसाने टोचण्याच्या क्रियेला सहज मनाच्या क्षेत्रात नेले, कारण त्याच्या दृष्टीने ती एक कृती होती. ‘देवी काढणे’ या मराठी प्रयोगाला तसे नेता आले नाही, कारण त्यात कृतीपेक्षा देवतेचे आगमन मोठे होते, आणि देवतेचे आगमन हे उपमेसाठी वापरावयाचे साधन होऊ शकत नव्हते. कोणा मराठी लेखकाने ‘त्याला स्वदेशाभिमानाच्या देवी काढल्या’ असे लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही, आणि तसे लिहिले असते तर ते कानाला विचित्रच लागले असते. देशातून हा रोग गेल्याचे १९७७ मध्ये प्रमाणित झाले, १९८० मध्ये जगातूनच गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले, आणि मग देवीचा शब्द मागे सरून ‘लस’ हा शब्द पुढे आला. लस म्हणजे मुळात जखमेतून पाझरणारा पातळ द्रव. त्याला ना देवतेचे वलय, ना गाईचे. अशा रिकाम्या शब्दावर लाक्षणिक अर्थ चटकन बसतो, आणि ‘विवेकाची लस’, ‘अफवांवरची लस’ असे प्रयोग आज वर्तमानपत्रांतून सहज आढळतात ते त्यामुळेच.

मधल्या काळात प्लेग येऊन गेला, आणि त्याने ‘इनॉक्युलेशन’ हा इंग्रजी शब्द मराठी मुलखात एका विशिष्ट भीतीशी जोडला. १८९६ मध्ये मुंबईत रोग उद्भवल्यावर वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्याच वर्षी घरोघरच्या झडतीने आणि विलगीकरणाच्या सक्तीने पुण्यातील लोक त्रस्त होते, मार्चच्या १० तारखेस सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करता करता प्लेगनेच गेल्या, आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. लसीचा आणि झडतीचा संबंध वस्तुतः वेगळा, पण जो सरकारी माणूस उंबरठा ओलांडतो तोच सुईही घेऊन येतो असे रयतेला दिसले, तेव्हा दोन्हीविषयी अविश्वास एकवटला. पंजाबातील मलकोवाल येथे १९०२ मध्ये लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली आणि हाफकिन यांच्यावर ठपका आला. तो दूर होण्यास अनेक वर्षे लागली, आणि परळच्या ज्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले तिला त्यांचे नाव १९२५ मध्ये मिळाले.

माळव्यात याच रोगाशी लढण्याचा एक निराळा प्रयोग झाला. होळकरांच्या निमंत्रणावरून इंदुरात आलेला नगररचनाकार पॅट्रिक गेडिस याने सुईऐवजी मिरवणुकीचा आश्रय घेतला. दिवाळीच्या सुमारास निघालेल्या त्या मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर यांच्या प्रतिमा होत्या, त्या अखेर जाळण्यात आल्या, आणि त्यानिमित्ताने शहर झाडून निघाले. १९१८ मध्ये त्याचा इंदूरच्या दरबारास सादर केलेला अहवाल छापला गेला. लोकांच्या मनात भय किंवा हुकूम न घालता त्यांच्याच सणाच्या रूपकातून आरोग्याची कल्पना रुजवणे, म्हणजे माळ्याने खुंटाची जात ओळखून डोळा भरण्यासारखेच होते.

आता लाक्षणिक अर्थांकडे वळू. स्पॅनिशमध्ये ‘इनोकुलार’ या क्रियापदाचा लाक्षणिक अर्थ आजही बहुधा अशुभ असतो. वाईट उदाहरणाने किंवा खोट्या मताने एखाद्याला बिघडवणे असाच अर्थ तेथील शाही अकादमीचा कोश देत आला आहे, आणि वर्तमानपत्री भाषेत द्वेष, संशय किंवा विष ‘टोचले’ जाते. रक्षणाचा अर्थ त्या भाषेने दुसऱ्या शब्दाकडे सोपवला: एखादा माणूस अमुक गोष्टीविरुद्ध ‘वाकुनादो’ आहे म्हणजे लस घेतलेला, सरावलेला. कोलंबियात तर ‘वाकुना’ या शब्दाला तिसरेच वळण मिळाले. बंडखोर आणि सशस्त्र टोळ्या मळेवाल्यांकडून व दुकानदारांकडून जो पैसा जुलमाने उकळत त्याला लोकांनी ‘लस’ हे नाव दिले, कारण तो दिला की जिवाचे रक्षण होते अशी हमी मिळे. इंग्रजीने मात्र एकाच शब्दात दोन्ही अर्थ ठेवले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तरुणांच्या मनात अमुक मत टोचले असे म्हणताना त्यात चांगले-वाईट दोन्ही येई. विसाव्या शतकात झुकाव रक्षणाकडे गेला.

या झुकावाला शास्त्रीय रूप देण्याचे श्रेय विल्यम मॅग्वायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाकडे जाते. १९६१ पासूनच्या काही प्रयोगांत त्याने प्रत्येक जेवणानंतर दात घासावेत यासारखी, कोणीही कधी प्रश्न न विचारलेली मते घेतली, आणि दाखवून दिले की ज्यांना त्या मतांवरचे दुबळे आक्षेप आणि त्यांचे खंडन आधी वाचायला मिळाले ते पुढे जोरदार हल्ला झाल्यावरही आपल्या मताला धरून राहिले, तर ज्यांना केवळ समर्थनाचेच वाचन मिळाले ते लवकर ढासळले. निर्जंतुक वातावरणात वाढलेले शरीर जसे पहिल्या रोगाला बळी पडते तसेच कधी न तपासलेले मत, असा त्याचा युक्तिवाद. आणि अलीकडे खोट्या बातम्यांविरुद्धचे जे प्रयोग सुरू आहेत त्यांचा पाया हाच आहे. या ठिकाणी आपल्या शास्त्रपरंपरेतील पूर्वपक्षाची आठवण होणे स्वाभाविक आहे, कारण सिद्धान्त मांडण्यापूर्वी विरोधकाचे म्हणणे स्वतःच मांडायचे ही शिस्त मीमांसेपासून वेदान्तापर्यंत सर्वत्र पाळली गेली. पण दोहोंत एक फरक आहे, आणि तो पुसला जाऊ नये. मॅग्वायरचा पूर्वपक्ष मुद्दाम दुबळा केलेला असतो, कारण हेतू शिष्याच्या मताचे रक्षण हा आहे. शास्त्रकाराचा पूर्वपक्ष शक्य तितका बलवान मांडला तरच उत्तरपक्षाला मोल येते, कारण हेतू सत्याचा निर्णय हा आहे. लसीची उपमा सत्यशोधनाला लावली तर आपण नकळत असे गृहीत धरतो की आपले मत आधीच बरोबर आहे. म्हणून शाळेत वा सभेत ती उपमा वापरणाऱ्याने सावध असावे, असे माझे मत आहे.

मराठीत या अर्थांची विभागणी जुन्या काळापासून अनेक शब्दांत झालेली आहे. चांगला गुण लहानपणीच मुरवला तर त्याला ‘बाळकडू’ म्हणायचे. तान्ह्या मुलाला उगाळून दिलेल्या कडू औषधावरून आलेला हा प्रयोग इतका समर्थ आहे की देशभक्तीचे, संगीताचे किंवा राजकारणाचे बाळकडू मिळाले असे आपण सहज म्हणतो, आणि त्यात रोगाचा अंशही नसतो. वाईट गोष्ट ‘भिनते’, तिची ‘लागण’ होते. आणि ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो. ‘टोचणी’ मनाला लागते ती पश्चात्तापाची, म्हणजे सुई बाहेरून येत नाही, ती आतूनच बोचते. ‘विरजण’ तर आणखी निराळे: दुधात थोडे विरजण लावले की सगळे दूध दही होते, आणि शास्त्रीय परिभाषेत ही क्रिया जिवाणू घालण्याचीच आहे, पण लाक्षणिक मराठीत विरजण उत्साहावर ‘पडते’ आणि तो नासतो. यावरून माझा निष्कर्ष असा की एकाच इंग्रजी शब्दाचे सगळे भार ‘लस’ या एका शब्दावर टाकणे मराठीला अहितकारक ठरेल. स्पॅनिश वाक्यातील द्वेष टोचणे हे मराठीत ‘द्वेष भिनवणे’ असेच आले पाहिजे. तेथे लस शब्द घातला तर वाचकाला रक्षणाचा भास होतो आणि अर्थ उलटा जातो.

एक अर्थ अजून राहिला, आणि तो खातेगावच्या काळ्या जमिनीतच आहे. सोयाबीन हे पीक गेल्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांपासून माळव्यात पसरले, आणि त्यावर संशोधन करणारे राष्ट्रीय केंद्र १९८७ मध्ये इंदुरात स्थापन झाले. या पिकाच्या मुळांवर ज्या गाठी येतात त्यांत राहणारे जिवाणू हवेतील नत्र धरून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर पुरवते. पण सोयाबीनला मानवणारे जिवाणू नव्या जमिनीत आपोआप पुरेसे असतीलच असे नाही. म्हणून पेरणीच्या वेळी बियाण्याला ते चोळतात. साधारण दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅमचे पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून लावायचे, बुरशीनाशक वापरायचे असेल तर ते आधी लावायचे, आणि बी सावलीत सुकवून लगेच पेरायचे, कारण उन्हात हे जिवाणू मरतात. इंग्रजी व स्पॅनिश या दोन्ही भाषांत या क्रियेचे नाव ‘इनॉक्युलेशन’ आणि ‘इनोकुलासिओन’ हेच आहे. मराठीत ‘जिवाणू संवर्धकाची बीजप्रक्रिया’, आणि शेतकऱ्याच्या तोंडी नुसते ‘कल्चर लावणे’. यात रोग नाही, रोगापासून रक्षणही नाही. परक्या जिवाला मुळाशी जागा देऊन दोघांनी एकमेकांच्या आधाराने वाढणे आहे, म्हणजे तो शब्द फिरून जवळजवळ माळ्याच्या कलमाकडेच आला. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली आणि आतून ती गुलाबी निघाली, तर जिवाणू कामाला लागले असे शेतकरी समजतो. पांढरी किंवा हिरवट निघाली तर पुढच्या हंगामात तो ताज्या पाकिटाची चौकशी करतो.